खदानगल्लीत कोणी राहत नाही

खदानगल्ली
२ जून १९७४

चि. मच्छिंद्रास बनाबाईचा जय भीम.

तू नोकरीला लागल्यापासनं दर दोन महिन्याला तुझं एक कार्ड येतं. आजी, तब्येत सांभाळ. तब्येत सांभाळलेली हाय. आता गल्ली सांभाळायची येळ आलीया म्हणून पेन धरलंय. माझी शाळा दुसरीत सुटली, तवा अक्षराला हसायचं न्हाय.

नगरपालिकेच्या भिंतीवर चादरीएवढा एक नकाशा लावलाय. किराणावाले गुरुलिंगअप्पा बघून आले. मला म्हणले, "बनाबाई, पुढच्या वीस वर्षांत गावात कुठं काय व्हायचं ते त्यात लिहिलंय. तुमच्या गल्लीत आठवडी बाजार." म्या म्हणलं, "बाजार भरंल की, पण आमी कुठं भरायचं?" ते म्हणले, "ते काय लिहिलेलं न्हाय."

मग म्या सोताच गेले. आपली अकरा घरं त्यात न्हाईतच. निळा रंग फासून मोकळं. अन नाल्यापलीकडचं आण्णासाहेबाचं रान, जिथं बाभळीबिगर काय उगवलं न्हाय, तिथं पिवळा रंग. पिवळा म्हणजे राहती वस्ती म्हणं. कोण राहतं तिथं? दोन ससे अन एक साप. औंदा त्या आण्णासाहेबानं घरबांधणीची सोसायटी काढलीया, सोताच चेअरमन. आता कळलं कशाला काढली ते.

तुझा बाप माझ्या संगं व्हता. बलभीमला तू ओळखतोस. नकाशा फाडायला गेला. शिपाई आडवा आला, त्येला धरून भिंतीवर आपटला. मग चौघांनी मिळून ह्येला आपटला. एक दात पडला, तो मुठीत घेऊन घरी आला, जसं काय बक्षीस मिळालं. तुझी आई चांगुणा गेल्यापासनं त्येला धरणारं म्या सोडून कुणी न्हाय, अन म्या बी सत्तरीची.

तू त्या नकाशाच्याच ऑफिसात बसतोस. कुणी कुणाचं खाल्लं ते नाव काढ. बाकीचं आमी बघतो.

बनाबाई


औरंगाबाद
११ जून १९७४

ती. आजीस सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. आजी, तो नकाशा अजून कायम झालेला नाही, तो कच्चा आहे. आधी मोजणीची माणसं गावभर फिरतात, कुठं घर, कुठं दुकान, कुठं पडीक, ते पाहून वहीत लिहितात. त्यावरून आज काय आहे त्याचा नकाशा होतो. मग साहेब लोक ठरवतात की गाव वाढलं तर घरं कुठं, बाजार कुठं, रस्ता किती रुंद. जी जागा मोकळी दिसते ती आधी बाजाराला, शाळेला राखून ठेवतात, कारण तिथून कुणाला उठवावं लागत नाही. आपली गल्ली त्यांना मोकळी दिसली आहे. का दिसली, ते मी शोधतो.

लोकांना हरकत घ्यायला साठ दिवस असतात. अकरा घरांच्या अकरा हरकती साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. त्यावर सुनावणी होते, तिथं सगळ्यांना बोलता येतं.

दादांना सांग, हात उचलू नका. शिपायाला आपटून नकाशातली रेघ हलत नाही. उलट साहेबांसमोर आपणच गुंड ठरतो आणि आण्णासाहेबांना आयतं सापडतं.

एक विचारायचं होतं. मोजणी मागच्या साली, म्हणजे १९७३ च्या माघात झाली. तेव्हा गल्लीत कोण कोण होतं?

तब्येत सांभाळ.

तुझा
मच्छिंद्र


खदानगल्ली
२३ जून १९७४

चि. मच्छिंद्र,

अकरा हरकती दिल्या. पोच गुरुलिंगअप्पाच्या दुकानात ठेवल्यात, बलभीमच्या हाताशी नकोत.

माघात कोण व्हतं म्हणून इचारतोस. दुष्काळ इसरलास वाटतं पंख्याखाली बसून. सगळी गल्ली बारा मैलावर पाझर तलावाच्या कामाला, खडी फोडायला, तिथंच पालं ठोकून. म्या तेवढी मागं, गुडघ्यामुळं. अन गाव सोडताना आपल्या गल्लीची रीत तुला ठावी हाय, दारं काढून ठिवायची. आपल्या घरात चोरण्यासारखं दुसरं काय असतं? कुलूप लावलं तर चोर कुलपासकट दार नेतो. म्हणून दहा घरांची दारं बिजागरीतनं काढून माझ्या घरात भिंतीला टेकवली व्हती. पाय ठिवायला जागा नव्हती, म्या दारांच्या आडोशाला चूल पेटवायचे. बिनदाराचं घर बघून मोजणीवाल्याला ते पडलेलं वाटलं असंल, असं गुरुलिंगअप्पा म्हणतो. म्या म्हणते, वाटलं न्हाय, वाटवून दिलं.

कारण मोजणीवालं कुणी आलेलं म्या डोळ्यानं बघितलंच न्हाय. दोन पोलीस तेवढे आले व्हते. तुझ्या बापानं तलावावर मुकादमाचा हात मोडला व्हता अन अणदूरला माझ्या बहिणीकडं, कस्तुराबाईकडं दडला व्हता, त्येच्यासाठी. खाकी कपडे, डोक्याला टोप्या, अन हातात ही लांबच्या लांब लोखंडी साखळी, बलभीमला बैलासारखा बांधून न्यायला. म्हणले, "म्हातारे, हितं कोण राहतं?" म्या म्हणलं, "सगळे मेले. मला पोचवायला कुणी उरलं न्हाय म्हणून म्या हाय." वहीत कायतरी खरडलं अन गेले, ते पुन्हा फिरकले न्हाईत. पोलिसाला असंच परतवावं लागतं. ते जाऊ दे.

परवा सोसायटीची माणसं नाला वलांडून आपल्या बाजूला खुंट्या ठोकायला लागली. वरच्या अंगाच्या कडूबाईनं पयली खुंटी उपटून फेकली. एकानं तिच्या कानातलं धरून वढलं, पाळी फाटून कानातल्यासकट त्येच्या हातात गेली. म्या जात्याचा खुंटा घेऊन गेले. त्येच्या मनगटावर दिला, हाड वाजलेलं ऐकलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर दिला. आता त्येला बी समजंल माणूस कशानं मागं राहतं ते. संध्याकाळपतूर दगड चालले. आपली तीन डोकी फुटली, त्यांची पाच.

बलभीम म्हणतो, आण्णासाहेबानं मोजणीवाल्याला खाऊ घातलं. गल्ली म्हणती, व्हय. म्या बी म्हणते, व्हय. तू फकत नाव लिही.

बनाबाई


औरंगाबाद
४ जुलै १९७४

ती. आजीस जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मोजणीची वही काढून पाहिली. ती मिळवायला दोन दिवस लागले.

आजी, यात आण्णासाहेबांचा हात नाही. ते चांगले आहेत असं मी म्हणत नाही, पण वही दुष्काळातल्या माघातली आहे आणि त्यांची सोसायटी औंदा चैत्रात झाली. तेव्हा त्यांना आपल्या गल्लीचं काही पडलेलं नव्हतं. नकाशा झाल्यावर त्यांनी फायदा घेतला एवढंच.

वहीत लिहिलं आहे की या गल्लीत कोणी राहत नाही, असं तिथल्याच एकानं सांगितलं. मोजणीदारानं विश्वास ठेवला. सांगणाऱ्यानं वाईट हेतूनं सांगितलेलं नाही, ही माझी खात्री आहे. त्यापलीकडं मला विचारू नकोस. नाव कळून कुणाचं भलं होणार नाही.

आणि माघात पोलीस आल्याचं तू मला लिहिलंस, ते गल्लीत कुणाला सांगितलं आहेस का? नसशील तर सांगू नकोस. मुकादमाची केस जुनी आहे, उगाच वर निघेल.

दादांना घरात ठेव. कडूबाईच्या कानाला हळदीवर भागवू नका, दवाखान्यात न्या.

तुझा
मच्छिंद्र


खदानगल्ली
११ जुलै १९७४

मच्छिंद्र,

तिथल्याच एकानं. हे दोन शब्द लिहून तू काय केलंस ते ऐक.

तुझं पत्र आलं तवा सगळी गल्ली माझ्या दारात बसली व्हती. म्या मोठ्यानं वाचलं. पोलिसाचं वाचलं न्हाय, तू नको म्हणलास म्हणून. पण 'तिथल्याच एकानं' वाचलं अन सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. मग बलभीम म्हणला, "त्या माघात तलावावर गेलाच न्हाय असा बाप्या आपल्यात एकच. व्यंकट."

समोरच्या घरातल्या मालनबाईचा व्यंकट, तिचं एकुलतं एक. चौथीपतूर तुझ्या शेजारी बसायचा. तो आण्णासाहेबाचा ट्रॅक्टर चालवतो, त्या माघात ढोकीला ऊस नेत व्हता. आण्णासाहेबाचं मीठ खातो अन गल्लीत राहतो. सगळं जुळलं. तू म्हणतोस आण्णासाहेबाचा हात न्हाय, त्यावर बलभीम हसला. म्हणला, "पोराला नोकरी टिकवायची हाय."

व्यंकटला बोलावून मधी उभा केला. तो म्हणला, "बलभीमकाका, तुमच्या गळ्याची आण, म्या कुणाला काय सांगितलं न्हाय. मला कुणी इचारलंच न्हाय." बलभीमनं त्येच्या तोंडावर मारलं. मग बाकीच्यांनी. दोन बोटं उलटी वाकवून मोडली, कबूल व्हावा म्हणून. झाला न्हाय.

मालन माझ्याकडं आली. म्हणली, "आत्या, तुमचं ऐकतो बलभीम. त्येला आवरा." म्या म्हणलं, "तुझ्या पोरानं आमची घरं खाल्ली अन तू माझ्याच दारात रडतीस व्हय ग? आधी त्येला खरं बोलायला लाव." गेली.

आता नाव लिही. व्यंकट असंल तर व्यंकट लिही, नसंल तर जो हाय तो लिही. आठ दिवस बलभीमला धरते. त्येच्या फुडं माझ्यात जोर न्हाय, अन खरं सांगायचं तर मन बी न्हाय.

बनाबाई


औरंगाबाद
१७ जुलै १९७४

आजी,

व्यंकट नाही. बिलकुल नाही. माझी शपथ घालून दादांना सांग. नाव पत्रात लिहिण्यासारखं नाही, रविवारी येऊन तुला एकटीला तोंडी सांगतो. तोवर व्यंकट आणि मालनबाईला आजच्या आज कस्तुराबाईकडं अणदूरला पाठव. तू स्वतः एसटीत बसवून दे.

मच्छिंद्र


खदानगल्ली
२५ जुलै १९७४

मच्छिंद्र,

तुझं पत्र सोमवारी बावीसला पोचलं. व्यंकट शुक्रवारी एकोणीसला मेला. आठ दिवस धरते म्हणले व्हते, बराबर आठ दिवस धरला.

सकाळी व्यंकट ट्रॅक्टर घेऊन निघाला, मोडक्या बोटांना फडकं बांधून. बलभीम अन दोघं नाल्यापाशी उभे व्हते. पयला घाव खांद्यावर बसला. व्यंकट उडी मारून पळाला, घराकडं. सरळ रस्त्यानं पळाला असता तर वाचला असता. मालन चुलीपाशी व्हती. दारात गाठला त्येला. कुऱ्हाडीचे चार घाव म्या मोजले, फुडचे मोजले न्हाईत. मालन मधी पडली, तिच्या हाताचा अंगठा गेला. म्या समोर माझ्या उंबऱ्यावर उभी. म्या वरडले न्हाय. कुणी इचारलं तर सांगते की घशातनं आवाज निघंना. तुला खरं सांगते, मला वाटत व्हतं, बराबर चाललंय.

ट्रॅक्टर आण्णासाहेबाचा, ड्रायव्हर आण्णासाहेबाचा, त्येला निमित्त पाहिजेच व्हतं. दुपारला साठ माणूस आलं, रॉकेलचे डबे घेऊन. वरडत व्हते, "कोण राहतं रे हितं? नकाशात तर कुणी न्हाय!" वरच्या अंगाची चार घरं पेटवली. कडूबाईचा सासरा वर्षापासनं खाटेला खिळलेला, तो आत राहिला. त्येचा आवाज लई येळ येत व्हता. कडूबाई आत शिरायला गेली तर दोघांनी तिला केस धरून तिथंच बसवली, बघ म्हणून.

पोलीस आले ते सगळं जळून झाल्यावर. बलभीम पळाला न्हाय. बसला व्हता दगडावर, कुऱ्हाड फुडं ठिवून. त्येला बेड्या घातल्या. एवढीशी चीज, मुठीत मावंल. तवा माझ्या मनात आलं, मागच्या येळंला ती साखळी एवढी लांब कशाला आणली व्हती? मनात आलं अन गेलं.

रविवारी आला न्हाईस ते बरं केलंस. जमावबंदी व्हती, वेशीवरच सोलला असता तुला.

तार का केली न्हाईस? दोन शब्द लागत व्हते. आता तरी नाव लिही. लपवून आता कुणाला वाचवतोस?

बनाबाई


औरंगाबाद
१ ऑगस्ट १९७४

ती. आजीस,

वहीत मोजणीदाराच्या अक्षरात आहे ते जसंच्या तसं उतरवतो: "घरे अकरा. पैकी दहा बिनदरवाजाची, पडीक. घर क्र. १ मधील वृद्ध स्त्रीने सांगितले की येथील सर्व लोक मयत आहेत. वस्ती नाही."

आजी, ते पोलीस नव्हते. ती जमीन मोजायची साखळी होती. मोजणीचे शिपाईही खाकीच घालतात.

तुझ्या जूनच्या पत्रात साखळीचं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. वही नुसती खात्रीसाठी काढली. तारेत नाव घातलं असतं तर पोस्टातून तुझ्या आधी गावाला कळलं असतं आणि गल्लीनं तुलाच मारलं असतं. नुसतं 'व्यंकट नाही' एवढी तार मी करू शकलो असतो. ती मी केली नाही.

आणखी एक लपवलेलं आहे. तो नकाशा माझ्याच हातचा आहे. मागच्या पावसाळ्यात तो कागद माझ्या टेबलावर आला. नाला ओळखला, खदान ओळखली, आणि आपली घरं नव्हती. मी साहेबांना म्हणालो, इथं वस्ती आहे. ते म्हणाले, "वहीत आहे तसं काढ, कविता करू नकोस." नोकरी पक्की व्हायची होती. मी निळा रंग भरला. वाटलं, हरकतीत निघेल.

आता ऐक. दादांचे वकील म्हणतात, व्यंकटनं खरोखर चहाडी केली होती आणि त्यानंच आधी ट्रॅक्टर अंगावर घातला, असं मांडलं तर फाशी टळेल, शिक्षाही कमी होईल. तुझं वाक्य उजेडात आलं तर व्यंकट निर्दोष ठरतो आणि दादांना काही आधार राहत नाही.

उलट, सुनावणीत तू उभी राहून 'मी खोटं सांगितलं' म्हणालीस तर वहीतली नोंदच पडते आणि गल्ली वाचते. नाही म्हणालीस तर अकराच्या अकरा हरकती फेटाळतील, कारण लेखी पुरावा उलटा आहे.

दोन्ही वाचत नाहीत. मी म्हणतो, दादांना वाचवू. वही माझ्या कपाटात आहे. एक पान गेलं तर तुझं वाक्य कुणालाच कधी कळणार नाही. नकाशा आहे तसा राहील, गल्ली जाईल, सरकार दुसरीकडं कुठं तरी जागा देईल. तू नुसतं हो लिही.

मच्छिंद्र


खदानगल्ली
७ ऑगस्ट १९७४

मच्छिंद्र,

पयल्या वाचण्यात म्हणलं, पोरगं खोटं बोलतंय. दुसऱ्या वाचण्यात त्या दोघांची तोंडं आठवली. पोलिसासारखी नव्हतीच. एकानं पाणी मागितलं व्हतं, अन प्यायच्या आधी चूळ भरून लांब जाऊन थुंकला व्हता. पोलीस उंबऱ्यावर थुंकतो.

पानाला हात लावू नकोस. लावलास तर तिथं येऊन तुझी बोटं मोडीन. व्यंकटची मोडली व्हती तशी.

तू कुणाला काय सांगायचं न्हाय. सुनावणीची तारीख कळव. म्या सांगणार.

बनाबाई


खदानगल्ली
१६ सप्टेंबर १९७४

मच्छिंद्र,

सुनावणी झाली. चष्मेवाला साहेब, शेजारी दोन नगरसेवक, समोर खुर्चीत आण्णासाहेब वकील घेऊन. आपली गल्ली भिंतीला टेकून उभी. मालन सगळ्यांच्या मागं, हाताला चिंधी गुंडाळलेली.

एकेकाला बोलावलं. सगळ्यांनी सांगितलं, आमी बापजाद्यापासनं राहतो. साहेब दर येळंला ती वही उचलायचा, "मग हे काय लिहिलंय?" म्हणायचा अन खाली ठिवायचा. माझं नाव घेतलं. म्या म्हणलं, "साहेब, त्या वहीतली म्हातारी म्या. म्या खोटं सांगितलं."

साहेब म्हणला, "का?"

"तुमचे शिपाई मला पोलीस वाटले. माझ्या पोरानं एकाचा हात मोडला व्हता. तो पोरगा लपवायला म्या सगळी गल्ली मेली म्हणले."

"म्हणजे दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं?"

"न्हाय. व्यंकटनं काय बी सांगितलं नव्हतं. त्येला कुणी इचारलंच नव्हतं."

मालन मागनं पुढं आली, हळूहळू, कुणाला धक्का न लावता. साहेबाच्या टेबलावर पाण्याचा तांब्या व्हता. तो उचलला अन माझ्या तोंडावर घातला. पयल्यानं दात गेले. दुसरा डोळ्यावर बसला. तिसऱ्याला म्या खाली पडले व्हते, ती माझ्या छातीवर बसून मारत व्हती, बिनअंगठ्याच्या हातानं माझे केस धरून. साहेब "धरा, धरा" करत व्हता. कुणी धरलं न्हाय. आपल्या गल्लीतलं तर कुणीच हाललं न्हाय. तांब्या चेपला तवा ती थांबली. आण्णासाहेब म्हणला, "बघितलंत साहेब, ही अशी वस्ती." साहेबानं त्येला गप बस म्हणलं अन माझं सगळं लिहून घेतलं. म्या रगत पुसून खाली नाव घातलं.

डावा डोळा गेला. दवाखान्यातला म्हणतो, कुणाचं नाव सांगायचं असंल तर सांग. म्या म्हणलं, पाय घसरला.

बनाबाई


औरंगाबाद
२० डिसेंबर १९७४

ती. आजीस जय भीम.

हुकूम झाला. खदानगल्लीवरचं बाजाराचं आरक्षण उठलं. अकराही घरं राहती वस्ती म्हणून दाखवली आहेत. बाजार नाल्यापलीकडं, आण्णासाहेबांच्या रानाच्या अर्ध्या भागात गेला. त्यांनी वर अपील केलं आहे, पण टिकणार नाही असं सगळे म्हणतात.

गल्ली ओळखूनही मी गप्प राहिलो, हे मी साहेबांना लेखी दिलं. मला मेमो मिळाला आहे. पुढचं ठरायचं आहे. नोकरी सोडावी असं वाटतं.

सरकारी वकिलांनी साक्षीदारात तुझं नाव घातल्याचं कळलं. आजी, तू आईच आहेस त्यांची. डोळ्याचं कारण सांगून दवाखान्याचा दाखला देता येईल, कुणी जबरदस्ती करणार नाही. आणि जाणारच असशील तर मी रजा टाकून येतो. तुझ्यासमोर पहिल्या बाकावर बसतो, म्हणजे तुला धीर येईल. तारीख कळव.

तुझा
मच्छिंद्र


खदानगल्ली
९ जानेवारी १९७५

मच्छिंद्र,

एका डोळ्यानं लिहिते, वळी वाकड्या जातील.

नोकरी सोडू नकोस. तू सोडलीस तर त्या खुर्चीत दुसरा कुणी बसंल, ज्येला खदानगल्ली ठावीच नसंल. तुला निदान आता ठावी हाय. मेमो काय घरी बायकोला दाखवायचा हाय का? गप काम कर, अन वहीत कुणी मेलेलं लिहिलं असंल तर जाऊन बघून ये.

गल्लीतली जळकी चार घरं पुन्हा उभी राहायला लागलीत. म्या माती तुडवायला गेले तर कडूबाईनं माझ्या हातनं घमेलं काढून घेतलं. बोलली न्हाय. कुणीच बोलत न्हाय. पाण्याला गेले तर माझी घागर भरंपतूर बाकीच्या बाया बाजूला उभ्या राहतात. मालन सकाळी दार उघडती, माझ्याकडं बघती, अन कामाला जाती. म्या बी बघते. तिनं मला मारून टाकावं असं मला वाटत न्हाय अन टाकू नये असं बी वाटत न्हाय.

सोमवारी बलभीमला भेटायला तुरुंगात गेले. वकिलानं त्येला सांगितलंच व्हतं, पण त्येनं मानलं नव्हतं. म्या गजाच्या अलीकडं बसून सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत व्हता. झाल्यावर म्हणला, "व्यंकट शेवटपतूर माझ्याच गळ्याची आण घेत व्हता." मग म्हणला, "जरा जवळ ये, ऐकू येईना." म्या गेले. गजातनं दोन्ही हात घालून त्येनं माझा गळा धरला. म्या सत्तर वर्सं जगले, पण त्या हातात एवढा जोर असंल असं वाटलं नव्हतं. दोन शिपायांनी त्येच्या बोटांवर दांडकी घालून सोडवला. घशातनं भाकरी उतरत न्हाय, पाण्यात कुस्करून घेते.

साक्षीची तारीख बावीस. दाखला नको मला. म्या जाणार. कुऱ्हाड कुणाची, घाव कुठं बसले, व्यंकट कुणीकडं पळाला, म्या कुठं उभी व्हते, सगळं सांगणार. बलभीमला काय व्हायचं ते होईल.

पण तू येऊ नकोस. धीर द्यायला तर बिलकुल नकोस. ते दोघं दारात आले तवा म्या फकत एका माणसाचा इचार केला व्हता, अन तेवढ्यात तोंडातनं निघून गेलं. तू पयल्या बाकावर बसलास तर म्या तुझ्याकडं बघंन. तुझं तोंड हुबेहूब बलभीमचं हाय. मग तिथं उभ्या उभ्या मला पुन्हा खोटं सुचंल.

बनाबाई